दोन पांढऱ्या पावडरी

"हौसा, तू विद्यार्थिनी. बस त्या क्रेटवर."

"बसले. पन परीक्षा घेयाची नाय हां वैनी."

सुनेत्राने पदर खोचला, खडू म्हणून हातात एक रातांबा, कोकमाचं लाल फळ, घेतला आणि वर्गावरून नजर फिरवली. वर्ग म्हणजे कोकमाची निळी पिपं, आमरसाच्या भरलेल्या डब्यांची चळत आणि क्रेटवर बसून पाय हलवणारी, शेडमध्ये कामाला येणारी हौसा. शेडचा पत्रा आताच कुठे तापायला लागला होता.

"रसायनशास्त्राने जगातल्या पदार्थांची दोन घरं केली आहेत."

"वाटन्या झाल्या मनजे."

"झाल्या. एका घराचं नाव इनऑरगॅनिक, असेंद्रिय. मीठ, पाणी, चुना, पायाखालचा हा जांभा. दुसरं ऑरगॅनिक, सेंद्रिय. खोबरेल, साखर, लाकूड, हा रातांबा. या दुसऱ्या घरातला कर्ता म्हणजे कार्बन. कोळशातला. त्याला चार हात. काही हातांनी तो आपल्या भावंडांना धरतो, उरलेल्यांनी परक्यांना, आणि लांबच्या लांब रांग करतो. म्हणून त्या घरात माणसं कोटींनी. पहिल्या घरात त्या मानाने फारच थोडी."

"आनी मी कुटच्या घरातली?"

"तू? दोन्हीकडची. मांस, कातडी, केस ऑरगॅनिक. हाडांतला चुना इनऑरगॅनिक."

हौसाने पाय हलवायचे थांबवले. "मनजे मानूस जाल्लं की जातं ते ऑरगॅनिक, आनी दुसऱ्या दिवशी मडक्यात गोळा करून आनतो ते दुसरं."

सुनेत्रा हातातला रातांबा तसाच धरून उभी राहिली. मग म्हणाली, "हे मी तिथे सांगू का?"

"सांगा की. पन माजं नाव घेव नका. लोक मनतील, सकाळच्या पारी मयताचं बोलते मेली."

'तिथे' म्हणजे रत्नागिरीतल्या एका कॉलेजात. रसायनशास्त्राच्या शिक्षिकेची जागा निघाली होती आणि आज मुलाखत होती. आधी वीस मिनिटांचा तास घेऊन दाखवायचा, मग प्रश्न. विषय त्यांनीच कळवला होता: असेंद्रिय आणि सेंद्रिय रसायनशास्त्रातले मूलभूत फरक. वाचून सुनेत्राला आधी हसू आलं. अकरावीच्या मुलांना पहिल्याच आठवड्यात सांगायची गोष्ट ती. मग ते ओसरलं, कारण खऱ्या वर्गासमोर ती उभी राहिली होती त्याला किती वर्षं झाली हे मोजायचंही तिने सोडून दिलं होतं.

ती रत्नागिरीचीच मुलगी. एम.एस्सी., ऑरगॅनिक. लग्नाआधी दोन सत्रं तासिका तत्त्वावर शिकवलेलं. तेव्हाची मुलं अजून कधी बाजारात भेटली तर "मॅडम" म्हणून हाक मारत, आणि तो सगळा दिवस सुनेत्राचा चांगला जाई. लग्न होऊन ती पूर्णगडच्या अलीकडे, कातळाच्या सड्यावरच्या या घरात आली. कलमांची बाग, बागेला चहूकडून चिऱ्यांचा गडगा, गडग्याच्या आत घर आणि घराला लागून आमरसाची, कोकम सरबताची शेड. सासरे, म्हणजे अण्णा, पाहुण्यांना सांगायचे, "आमची सून केमिस्ट आहे हो." हे ते इतक्या कौतुकाने सांगायचे की त्यात काही वावगं आहे असं म्हणायची सोय नव्हती. लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्यांनी तिची डिग्री मागून घेतली, रत्नागिरीहून फ्रेम करून आणली आणि शेडच्या ऑफिसात लायसन्सच्या शेजारी भिंतीवर चांगले स्क्रू पिळून लावून टाकली. लायसन्सवर तांत्रिक व्यक्ती म्हणून सुनेत्राचंच नाव होतं. दसऱ्याला यंत्रांना झेंडूची माळ घालताना एक फूल डिग्रीलाही मिळायचं.

नोकरीचं ती दर वर्षी काढायची. अण्णांनी कधीही 'नाही' म्हटलं नाही. ते म्हणायचे, "सीझन उरकू दे." सीझन उरकला की, "पाऊस सरू दे." पाऊस सरला की मोहोर यायचा. फवारणी, मग परत सीझन. विनीत, तिचा नवरा, तिच्याकडे बघून खांदे उडवायचा. त्याला बापाला नाही म्हणता येत नसे आणि बायकोला हो म्हणता येत नसे. मधल्यामध्ये तो मोटरसायकल पुसत बसायचा.

या खेपेला मात्र अण्णा म्हणाले होते, "जा, देऊन ये मुलाखत. बघू." त्या 'बघू'मध्ये काय आहे ते सुनेत्राने तपासलं नाही. जांभळी साडी इस्त्री करून ठेवली.

"चला," हौसा क्रेटवरून उतरली. "वर्ग सुटला. कालचं पीप बगते, भरायला घेऊया."

तिने झाकण फिरवलं, आत वाकून बघितलं आणि तशीच वाकून राहिली.

"वैनी."

"काय?"

"ह्याचा रंग कुटं गेला वो?"

सुनेत्रा धावली. काल संध्याकाळी ज्यात बोट बुडवलं तर बोट लालभडक व्हायचं तो कोकमाचा पाक आज उन्हात वर्षभर वाळत घातलेल्या परकरासारखा झाला होता. पिवळट, विटका. तिने नाक जवळ नेलं. गंधकाचा तिखट वास नाकात चढला आणि काय झालंय ते तिला कळलं. लगेच दुसरंही कळलं, की आता आजचं काही खरं नाही.

पाच मिनिटांत शेडमध्ये सगळं घर उभं राहिलं. अण्णा बनियनवर, सासूबाई, म्हणजे माई, ओल्या हातांनी, विनीत पुसायच्या फडक्यासकट.

"काल यात प्रिझर्व्हेटिव्ह कुणी घातलं?" सुनेत्राने विचारलं.

"मी," विनीत म्हणाला. "माईने बरणी दिली त्यातलं. तू सांगितलंस तेवढंच घातलं हां, वजन करून."

"माई, कुठली बरणी दिलीत?"

"पांढऱ्या औषधाची."

"पांढरी औषधं दोन आहेत माई."

"अगो मग? दोन्ही पांढरीच ना?"

दोन होती हे खरं. आमरसाला एक लागायचं, पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, ज्याला सगळे केएमएस म्हणत. कोकमाला दुसरं, सोडियम बेन्झोएट. केएमएस पाकात पडलं की त्यातून गंधकाचा वायू सुटतो. आंब्याला त्याने काही होत नाही, कोकमाचा लाल रंग मात्र तो खाऊन टाकतो. इतकी वर्षं केएमएस पत्र्याच्या डब्यात असायचं आणि बेन्झोएट प्लॅस्टिकच्या. पण त्या वायूने पत्र्याचं झाकण गंजून त्याची चाळण झाली, आणि गेल्या आठवड्यात कपाट आवरताना माईंनी दोन्ही पावडरी आपल्या लोणच्याच्या दोन बरण्यांत ओतल्या. त्या घरात बरणी टाकून देत नसत आणि कपाटात एकमेकींना न शोभणाऱ्या बरण्या ठेवत नसत.

"वर चिठ्ठ्या होत्या ना चिकटवलेल्या?"

"बुरसटल्या होत्या. धुऊन टाकल्या." माईंचा आवाज चढला. "आता मला काय स्वप्न पडलंय, कुठलं काय ते? बायकांनी कपाट आवरायचं नाही होय?"

"माई, तुला कोण बोललं?" विनीत.

"बोलायला कशाला लागतं? तोंडं दिसतायत की सगळ्यांची."

अण्णांनी पिपात डोकावलं, हात मागे बांधले आणि निकाल दिला. "अजून तीन पिपांत औषध घालायचंय. आजच घालायला हवं, नाहीतर आंबेल. सुनेत्रा, तुझं जाणं रहित. कॉलेजला फोन करून सांग, घरी अडचण आहे."

"अण्णा, साडेआठची गाडी..."

"अगो, गाड्या रोज आहेत."

"मुलाखत रोज नाहीये."

"मग आम्ही काय करायचं? या बरण्यांतली कुठली कुठली, ते तुझ्याशिवाय इथे कुणाला कळतंय?"

माईंनी दोन्ही बरण्या आणून टेबलावर ठेवल्या. सारख्याच बुटक्या, सारख्याच पांढऱ्या. एकाच कपाटात राहून दोघींनाही गंधकाचा वास लागला होता, त्यामुळे नाकाने निवाडा होईना. सगळे सुनेत्राकडे बघत होते, ताप बघून झाल्यावर डॉक्टरकडे बघतात तसे.

तिला ओळखायला दोन मिनिटं पुरली असती. 'ही डावी' म्हणायचं, साडी नेसायची, निघायचं. पण डावी म्हटल्यावर अण्णा म्हणणार, बघा, हिच्यावाचून पान हलत नाही. आणि ते कौतुकाने म्हणणार. त्या कौतुकाचा घेर ती चांगला ओळखत होती, गडग्याएवढाच होता तो.

"मी नाही सांगणार," सुनेत्रा म्हणाली.

"म्हणजे तुला ओळखू येत नाही?" विनीतने भाबडेपणाने विचारलं.

"येतं."

"मग?"

"मग तुम्हीही ओळखायला शिका. मला उशीर होतोय, म्हणून लवकर शिका. माई, लोखंडी पळी आणा. लांब दांड्याची. विनीत, शेगडी पेटव. अण्णा, दार उघडं ठेवा, खोकला येईल."

"हा काय चावटपणा आहे?" अण्णा म्हणाले. पण दार उघडायला तेच गेले.

माई पळी घेऊन आल्या आणि ती सुनेत्रापुढे धरली. सुनेत्राने हात मागे घेतला. "तुम्ही धरायची."

"मी?"

"कपाट तुमचं, बरण्या तुमच्या. या बरणीतली चिमूट पळीत घ्या. धरा आचेवर. चेहरा लांब."

माईंनी चष्मा वर सारला, पळी शेगडीवर धरली आणि फोडणीकडे बघावं तसं पावडरीकडे बघू लागल्या. थोड्या वेळाने आगपेटीतल्या सगळ्या काड्या नाकाशी एकदम ओढल्यासारखा एक भपका उठला. हौसाने तोंडाला पदर लावला. अण्णा खोकत दाराबाहेर गेले आणि बाहेरून ओरडले, "मारा! म्हाताऱ्याला मारा!"

"काळी पडली का पावडर?" सुनेत्राने विचारलं.

"नाही," माई ठसकत म्हणाल्या. "वास मेला जीवघेणा, पण आहे तशीच आहे. जराशी पिवळी."

"पेटली?"

"पेटली कसली. ढिम्म."

"अजून तापवा. पळी लाल होईपर्यंत तापवलीत तरी ती काळी होणार नाही. तिच्यात कार्बनच नाही. मीठ कधी करपलेलं बघितलंत?"

"मीठ कसं करपेल?"

"चुना?"

"चुना भाजूनच करतात."

"तेच. पहिलं घर. आता पळी घासा आणि दुसरी चिमूट घ्या."

दुसऱ्या चिमटीने आधी काहीच केलं नाही. माई म्हणाल्या, "हीपण तसलीच दिसते." तेवढ्यात कडेने ती मऊ पडल्यासारखी झाली, तपकिरी झाली, तिच्यातून दाट धूर निघाला आणि भप्पकन ज्योत उठली. पिवळी, काजळी धरणारी. काजळीचे तुकडे माईंच्या चष्म्यापर्यंत उडाले.

"करपली!" माई ओरडल्या. "सुनेत्रा, करपली गो! पार कोळसा!"

"कोळसाच. आत कार्बन होता, तो बाहेर दिसला. साखर करपते, दूध करपतं, भाकरी करपते. जे करपतं ते बहुतेक दुसऱ्या घरचं. ही ऑरगॅनिक. हे बेन्झोएट. कोकमाला हे."

"एवढंच?" विनीत म्हणाला.

"एवढंच नाही. पण तीन पिपांपुरतं एवढं बास. बाकीचं ऐकायचं असेल तर तेही आहे. मिठाच्या पाण्यातून वीज जाते, साखरेच्या जात नाही. मीठ वितळवायला भट्टी लागेल, साखर शेगडीवर वितळते. पहिल्या घरातली कामं चटकन होतात, हे मिसळलं की ते झालंच. दुसऱ्या घरात सगळं आस्ते. खोबरेल खवट व्हायलासुद्धा महिने घेतं."

माई ऐकत नव्हत्या. त्या पळीच्या तळाला नखाने खरवडत होत्या. कोळसाही जळून गेला होता आणि खाली पांढरट राख उरली होती.

"मग हे काय उरलं? तू तर म्हणालीस ही त्या घरची. जळून जायला हवी होती सगळी."

सुनेत्राने चमकून त्यांच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत तिला शेडमध्ये कुणी प्रश्न विचारला नव्हता. 'किती घालू' हा प्रश्न नव्हे.

"तो धुण्याचा सोडा, माई. हिच्यात सोडियम आहे, ते पहिल्या घरचं. मूळची ही ऑरगॅनिकच. पण मूळच्या रूपात ती पाण्यात धड विरघळत नाही, गोळे होऊन बसते. सोडियमशी जोडून दिली की मिठासारखी विरघळते, कुठेही घाला. वरून बघणाऱ्याला वाटतं मीठच."

"जोडून दिली म्हणजे लग्न लावून दिलं."

"म्हणा तसं."

माई राखेकडे बघत राहिल्या. "पाण्यात सासरची," त्या हळूच म्हणाल्या, "आणि विस्तवावर ठेवली की माहेरची."

हौसा खो खो हसली. "माई, तुमीच जावा कालेजात!"

माई हसल्या नाहीत. त्यांनी कपाटातून दोन वाट्या काढल्या, न बिघडलेल्या पिपातला कोकमाचा पाक दोहोंत घेतला, पाणी घालून पातळ केला आणि एकीत या बरणीतली, दुसरीत त्या बरणीतली चिमूट टाकून ढवळलं. कुणी सांगितलं नव्हतं. बघता बघता एक वाटी फिकी पडत गेली. दुसरी होती तशी लाल. त्यांनी शिवणाच्या डब्यातून लाल दोरा आणला, बेन्झोएटच्या बरणीच्या गळ्यात बांधला, गाठ मारली, दातांनी दोरा तोडला.

"लाल ती कोकमाची," त्यांनी जाहीर केलं. "परत घोळ झाला तर पळी आहे."

शेडमध्ये सगळे मोकळे झाले. अण्णा आत आले, वाट्या बघितल्या, माईंची पाठ थोपटायला हात उचलला आणि चारचौघांत कशाला म्हणून खाली घेतला. सुनेत्राने हीच वेळ धरली.

"मग अण्णा, मी निघू?"

रस्त्यावरून साडेआठची गाडी गेल्याचा आवाज आला, चढावर गिअर बदलला, वळणावर हॉर्न वाजला, आणि आवाज विरला.

"गाडी गेली," अण्णा म्हणाले. त्यांना वाईट वाटलं नाही असं नाही.

"पावडरीचं तर झालं ना?"

"पावडरीचं झालं गो. पण हे बिघडलेलं पीप आहे. त्याचं काय करायचं?"

"मंद आचेवर उघडं ठेवा आणि ढवळत राहा. वायू उडाला की थोडा रंग परत येईल."

"बरं. आणि अन्नभेसळवाले आले तर? तुझं नाव आहे लायसन्सवर."

"ते सांगून येतात, अण्णा. आणि मी रत्नागिरीत असेन, दुबईत नाही."

"ते झालं. पण माईचे गुडघे... एवढं मोठं घर..."

त्यांचा आवाज प्रत्येक वाक्याला खाली येत होता. सुनेत्रा बघत होती. एक कारण मोडलं की त्याच्या मागे दुसरं, दुसऱ्याच्या मागे तिसरं, आणि ती कारणं त्यांनी बनवलेलीही नव्हती. त्यांना ती खरोखर तशी दिसत होती. पावडरी कधीच कारण नव्हत्या. आज तिने दहा गोष्टी शिकवल्या असत्या तरी अकरावी उभी राहिली असती. इतकी वर्षं ती एकेक अडचण सोडवत बसली होती, आणि सोडवलेल्या प्रत्येक अडचणीने तिला आणखी गरजेची करून ठेवलं होतं.

बाहेर टेम्पो थांबला. लवू टेम्पोवाला आमरसाचे डबे न्यायला आला होता. रत्नागिरीलाच.

सुनेत्रा ऑफिसात गेली. मुलाखतीला मूळ डिग्री दाखवायची होती. तिने फ्रेमला हात घातला. स्क्रू खाऱ्या हवेने गंजून भिंतीशी एकजीव झाले होते. तिने ओढली. हलेना.

"अगो, ती कशाला काढतेस!" अण्णा दारात आले. "भिंतीला खड्डा पडेल!"

"पडू दे."

"कुणी आलं तर काय दाखवू?"

"खड्डा दाखवा," सुनेत्रा म्हणाली, आणि स्वतःच्या आवाजाने दचकली.

विनीत स्क्रूड्रायव्हर घेऊन आला. त्याने बापाकडे बघितलं नाही, बायकोकडेही नाही. फक्त स्क्रूंकडे बघितलं. दोन निघाले. तिसऱ्याचं डोकंच तुटलं. चौथ्यासकट भिंतीच्या गिलाव्याचा पापुद्रा आला आणि फ्रेम त्याच्या हातात आली. मागून पाठ उघडायला गेला तर खिळे गंजलेले.

"अशीच नेतेस?" त्याने विचारलं.

"अशीच."

साडी कशीबशी बदलून ती टेम्पोत चढली. विनीतने फ्रेम वर दिली, ती तिने मांडीवर उभी धरली. लवूने तिच्याकडे, मग फ्रेमकडे बघितलं.

"वैनी, फोटो कुनाचा?"

"माझाच. चल लवू."

"पोरी!" अण्णा मागून येत होते. "डबे मोजून उतरवायला सांग त्याला!" टेम्पो हलला. "आणि जेवायला?" टेम्पो गडग्याच्या फाटकातून बाहेर पडला. त्यांनी आणखी काहीतरी म्हटलं, ते मात्र इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही.

कॉलेजात तिचा नंबर होऊन गेला होता. शिपायाने तिला शेवटच्या उमेदवाराच्या आधी घुसवलं, ते बहुधा फ्रेम बघून. टेबलामागे प्राचार्य, विभागप्रमुख मॅडम आणि संस्थेचे एक गृहस्थ बसले होते.

"कागदपत्रं?" गृहस्थांनी विचारलं.

सुनेत्राने फ्रेम टेबलावर आडवी ठेवली. गिलाव्याची पूड हिरव्या कापडावर सांडली.

"निघत नव्हती," ती म्हणाली.

मॅडमनी ओठ मिटून हसू दाबलं. "सुरू करा."

आणि सुनेत्राने सुरू केलं. हातात खरा खडू होता. हाडं आणि राख तिने सांगितली, हौसाचं नाव न घेता. चार हातांचा कार्बन सांगितला. कार्बन असूनही पहिल्याच घरात नांदणारे सांगितले: चुन्याचा दगड, सोडा, आपण सोडतो त्या श्वासातला वायू. मग ती म्हणाली, एक काळ असा होता की मोठमोठ्या विद्वानांना वाटायचं, दुसऱ्या घरातलं काहीही माणसाच्या हाताने होणारच नाही, त्याला जिवंत प्राण्याच्या आतली कसलीशी शक्तीच लागते. मग एका जर्मन माणसाने पहिल्या घरातला एक क्षार तापवला आणि त्याच्या भांड्यात युरिया तयार झाला, जो तोवर फक्त मूत्रात सापडायचा. कुठल्याही प्राण्याशिवाय.

"मग दोन घरांमधली ही भिंत खोटी म्हणायची?" प्राचार्यांनी विचारलं.

"खोटी नाही, सर. कामाची आहे. दोन्हीकडच्या पदार्थांचं वागणं खरोखर वेगळं आहे. फक्त पलीकडे जाता येत नाही, ही समजूत खोटी होती."

तास संपला तेव्हा तिच्या लक्षात आलं की वीस मिनिटं कधीच होऊन गेली होती आणि कुणी तिला थांबवलं नव्हतं. विभागप्रमुख मॅडम प्राचार्यांच्या कानात काही बोलल्या. प्राचार्य पुढे झुकले.

"ऑर्डर रीतीप्रमाणे निघेल. पण आमच्याकडून विचारून ठेवतो. कॉलेज उघडल्या दिवसापासून येऊ शकाल? पूर्ण वेळ?"

सुनेत्राने तोंड उघडलं.

"घरी विचारून सांगते," ती म्हणाली.

कुणी तिच्याकडून म्हणवून घेतलं नव्हतं. समोर अण्णा नव्हते, पिपं नव्हती. वाक्य आपसूक आलं, रोज तोंडात असल्यासारखं. मॅडमच्या चेहऱ्यावर काहीतरी मावळलं. "बरं," प्राचार्य म्हणाले, "लवकर कळवा," आणि त्यांनी घंटी दाबली. फ्रेम उचलून ती बाहेर आली आणि शेवटचा उमेदवार, नवीन शर्टाची घडी अजून न मोडलेला एक मुलगा, तिच्या बाजूने आत गेला. दार लागलं.

बाहेर बाक होता. ती बसली. आतून त्या मुलाचा आवाज येत होता, घाईघाईत पाठ म्हटल्यासारखा.

फोन वाजला. माई.

"झालं का गो?"

"झालं."

"इकडे झालं तीन पिपांचं. मीच घातलं औषध. हे ढवळत बसलेत पाक, घाम पुसत. खांदा दुखला म्हणतात." मग आवाज खाली आला. "काय म्हणाले तिथे?"

"पूर्ण वेळ येता का म्हणाले."

"मग?"

"घरी विचारून सांगते म्हटलं."

पलीकडून नुसता कालथ्याचा आवाज, पातेल्याच्या कडेला लागणारा.

"कुणाला विचारणार होतीस?" माईंनी विचारलं.

सुनेत्राने फ्रेमच्या काचेवरची गिलाव्याची पूड पुसली.

"ह्यांना विचारलंस तर काय म्हणतील ते तुला पाठ आहे. विनीत काहीच म्हणणार नाही. उरले मी." माई थांबल्या. "मला विचारू नको हो. मी नाही म्हणेन. खरंच सांगते. गुडघे दुखतात माझे, आणि दिवसभर या दोघांची तोंडं बघत मी एकटी राहायची. मला विचारलंस तर मी नाहीच म्हणेन. म्हणून विचारू नको."

"माई..."

"ठेवते. खाली लागतंय इथे."

फोन बंद झाला. आतला मुलगा थांबला होता, आता त्याला प्रश्न विचारत होते. शिपाई येऊन म्हणाला, "मॅडम, तुमचं झालं ना? निघालात तरी चालेल."

"नाही," सुनेत्रा म्हणाली. "माझं एक वाक्य चुकलंय आत. तो बाहेर आला की मला परत सोडा."

शिपायाने घड्याळ बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि दाराला टेकून उभा राहिला. सुनेत्रा बाकावर ताठ बसली. फ्रेम तिने मांडीवरून काढून बाजूला उभी केली.